हाली रुपयाची प्रतबंदी

उस्मानाबादेत त्या काळी नाणी जमवणारे आम्ही सहाजण होतो आणि प्रत्येकाला बाकीचे पाच अडाणी वाटत. मी शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणजे मला तसं वाटण्याचा पगारच मिळत होता. दर रविवारी दुपारी आम्ही एका निवृत्त पेशकारांच्या ओसरीवर जमायचो. निजामाच्या अमदानीत ते महसूल कचेरीत होते. उर्दू आणि फारसी वाचणारे आमच्यात ते एकटेच, आणि आमची निम्मी नाणी त्या लिपीतली. त्यामुळे कुठलं नाणं कोणत्या प्रतीचं, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी कोणी न देताच घेतला होता.

प्रतबंदीची भाषाही त्यांनी कचेरीतूनच आणली होती. जमिनीसारखीच नाण्यांची प्रत अव्वल, दोयम, सोयम. त्याखाली पोटखराबा, म्हणजे ज्या रानात काहीच उगवत नाही ते. भिंगातून नाणं पाहायचं, दोन मिनिटं गप्प बसायचं, मग चिठ्ठीवर प्रत लिहून खाली सही करायची. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी त्यांची एकुलती एक अव्वलची चिठ्ठी पाकिटात देवीच्या फोटोमागं ठेवली होती. पेशंटला नोटा परत देताना ती हमखास बाहेर डोकवायची आणि पेशंटनं विचारावं म्हणून डॉक्टर थांबायचे. कोणी विचारत नसे.

हा छंद माणसाला खोटं बोलायला शिकवतो. नाणं दुसऱ्याच्या हातात असताना ते अगदीच झिजलेलं असतं. आपल्या खिशात आलं की लगेच दोयम होतं, आणि घर येईपर्यंत अव्वलच्या जवळ पोचतं. तुळजापुरात एका फुलवालीकडं मी एक जुना तांब्याचा पैसा पाहिला होता. वर सुंदर तपकिरी साय चढलेली. पण मी नाक मुरडून म्हणालो, फारच मळकं आहे, बघू पुढच्या मंगळवारी. पुढच्या मंगळवारी गेलो तर तिनं तो चिंच आणि राख लावून ताम्हनासारखा लख्ख केला होता. वरची अक्षरंही मळाबरोबर गेली होती. ती हसत उभी होती, म्हणून मी दोन रुपये देऊन तो घेतला. पेशकारसाहेबांनी त्याला पोटखराबा दिला आणि पुढचा महिनाभर त्याचा विषय पुरवला.

आमच्यात खोटं न बोलणारा एकच होता. तो टपाल कचेरीत काउंटरवर कारकून होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, येडशीकडच्या एका खेड्यातला. रविवारी एसटीनं यायचा. विकणाऱ्याला तो खरी किंमत सांगायचा, त्यामुळं त्याला बरंचसं घेताच यायचं नाही. त्याच्या घरानं छप्पन्ननंतर बौद्ध धम्म स्वीकारला होता. ओसरीवर सतरंजी होती, तो पायरीवर बसायचा. आम्ही आपली नाणी पेशकारसाहेबांच्या हातात द्यायचो. त्याची पाळी आली की साहेब चष्मा पुसायला घ्यायचे आणि म्हणायचे, "ठेवा तिथं, कागदावर." दोन वर्षं आम्ही हे पाहिलं. परत जाताना आम्ही एकमेकांना सांगायचो की पेशकारसाहेब जुन्या वळणाचे आहेत. एवढं बोललं की पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

त्याच्या प्रत्येक नाण्याला सोयम मिळे. एकदा तरी अव्वल मिळावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्यानं लपवलीही नव्हती. कारण त्याच्याकडं तसं एक नाणं होतं.

तो एका रविवारी ते घेऊन आला. चारमिनारचा हाली रुपया, निजामाच्या टाकसाळीतला. असे रुपये आम्ही सगळ्यांनी ढिगानं पाहिले होते, पण ते बाजारात फिरून फिरून चपटे झालेले. या रुपयात सगळ्यात आधी मिनारांचे शेंडे झिजतात, मग कमानीतलं अक्षर जातं. याचे शेंडे सुईसारखे होते. कडेचे दाते बोटाला टोचत होते, आणि काठानं जुन्या चांदीवर येते तशी निळसर झाक होती. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला शुद्ध मत्सर म्हणतात.

पेशकारसाहेबांनी भिंग लावलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं आणि सोयम लिहिलं.

"घासलाय. चिंचेनं," ते म्हणाले.

"न्हाय साहेब, कधीच धुतला न्हाय."

"मग तुमच्याकडं इतका कोरा कसा?"

त्यानं चिठ्ठीत रुपया गुंडाळला आणि खिशात ठेवला. घासलेल्या चांदीवर ती निळसर झाक राहत नाही, हे मला ठाऊक होतं. पेशकारसाहेबांनाही ठाऊक होतं. मी ते ओसरीवर बोललो नाही.

स्टँडकडं चालत जाताना त्यानं मला उत्तर सांगितलं. त्याच्या आजोबांकडं गावकीचं काम होतं. तालुकदाराचा, म्हणजे निजामाच्या कलेक्टरचा, मुक्काम पडला की रात्रभर मशाल धरून उभं राहायचं. एका मुक्कामाला तालुकदारानं निघताना खूश होऊन त्यांच्या ओंजळीत वरून एक रुपया टाकला, टाकसाळीतून नुकताच आलेला. तो आजोबांना खर्चता येईना. दुकानदारापुढं ठेवला तर तो पहिल्यांदा विचारणार, कुठून आणलास? चोरीचा आळ येणार. म्हणून चिंधीत गुंडाळून तो चौकटीच्या वरच्या भोकात ठेवला आणि वर शेणमाती लिंपली. आजोबा गेले. बहात्तरच्या दुष्काळात वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, घरात रेशनवरचा तो लाल मिलो शिजायचा, तेव्हा त्यांनी एकदा माती उकरून रुपया काढला आणि सोनाराकडं नेला. सोनारानं त्यावर हात ठेवून विचारलं, कुठून आणलास? वडिलांनी त्याच्या हाताखालून रुपया ओढून घेतला आणि परत आले. पुन्हा भोक, पुन्हा माती.

थोडक्यात, तो रुपया अव्वल राहिला होता, कारण तो कोणी त्यांना खर्चू दिला नव्हता.

हे ऐकून मी हळहळलो असतो आणि घरी गेलो असतो तर बरं झालं असतं. पण मला एक कल्पना सुचली, आणि माझ्यासारख्याला कल्पना सुचली की दुसऱ्याचं नुकसान जवळ आलेलं असतं.

जिल्ह्यात तेव्हा सहकारी कारखान्यांचे दिवस होते. जिथं प्यायला टँकरनं पाणी येई तिथं उसाचा कारखाना उभा राहत होता, आणि दगड बसवण्याआधी त्यावर कोरायची नावं तयार असत. अशाच एका कारखान्याचं बॉयलर पेटवण्याचा समारंभ ठरला. मंत्री येणार होते. त्यानिमित्त बैलांचं प्रदर्शन, अवजारांचं प्रदर्शन आणि, चेअरमनना अलीकडेच इतिहासाची गोडी लागल्यामुळे, नाण्यांचं दालन. चेअरमनकडं बिस्किटाच्या डब्यात भेट म्हणून आलेली पाच-पन्नास नाणी होती. काचेच्या पेटीत कोणती ठेवायची ते पेशकारसाहेब ठरवणार. फक्त अव्वल.

मी त्या टपालातल्या मित्राला म्हणालो, तुझा रुपया चेअरमनच्या डब्यात टाकू. पेशकारसाहेब त्याला अव्वल देतील, मग मी सगळ्यांसमोर त्यांची सोयमची चिठ्ठी काढीन. प्रत नाण्याची असते की नाणं आणणाऱ्याची, ते एकदाचं ठरेल.

तो म्हणाला, "सर, परत मिळंल ना?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

डबा कारखान्याच्या ऑफिसात माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या ताब्यात होता. त्याला काही न सांगता रुपया आत टाकणं अगदी सोपं गेलं.

समारंभाच्या सकाळी दालनाच्या तंबूत पन्नासेक माणसं होती. चेअरमन, संचालक, आम्ही सगळे. माझा मित्र तंबूच्या दाराशी उभा होता, आणि त्याच्या पाठीमागंच लाउडस्पीकरचं जनरेटर धडधडत होतं. पेशकारसाहेबांनी डब्यातली नाणी एकेक करून बाजूला सारली. मग तो रुपया त्यांच्या हाती आला. भिंगसुद्धा न लावता त्यांनी तो तळहातावर घेतला आणि म्हणाले, अव्वल. नंतर ते त्या रुपयाविषयी काही वाक्यं बोलले. इतकी त्यांनी कधी कुठल्याच नाण्यासाठी खर्च केली नव्हती. चेअरमन तो रुपया स्वतः रात्रभर मशाल धरून मिळवल्यासारखे प्रसन्न दिसत होते.

मी पुढं झालो आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. म्हणालो, हाच रुपया साहेबांनी दोन महिन्यांपूर्वी पाहिलाय, ही त्यांची सही. त्या दिवशी तो सोयम होता. त्या दिवशी तो ह्यांचा होता. आणि मी दाराकडं बोट केलं.

तंबूत शांतता पसरेल अशी माझी अपेक्षा होती. ती पसरलीही. पेशकारसाहेबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली.

"सही माझीच," ते म्हणाले. "मास्तर, तुम्हाला महसूल कळत नाही. कोरडवाहू रानाला पाट आला की प्रत बदलते. रान तेच असतं."

लोक हसले. चेअरमन सगळ्यांत जास्त हसले, कारण पाट म्हणजे आपण, हे त्यांना कळलं. मग ते दाराकडं वळले.

"म्हंजी हे नाणं तुम्ही कारखान्याला दिलं व्हय?" त्यांनी माझ्या मित्राला विचारलं. "आन् बोलला न्हाईत. लई मोठं मन म्हणायचं." आणि एका संचालकाला सांगितलं, "ह्यांचं नाव सत्काराच्या यादीत घाला. बैलाच्या नंतर."

इथं कोणीतरी एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ते बोलण्याची जबाबदारी माझी होती. मी ते घशापर्यंत आणलंही. पण चेअरमन आमच्या शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीवर होते, माझं कायम होणं बाकी होतं, आणि एवढ्या कौतुकात खोडा घालणं असभ्य दिसलं असतं. मला सभ्यतेची फार काळजी होती.

दुपारी तेरखेड्याहून आणलेल्या फटाक्यांची माळ वाजली आणि मंत्री आले. दालनात ते दीड मिनिट थांबले. चेअरमननी काचेची पेटी उघडायला लावली, रुपया उचलला आणि मराठवाड्याच्या मातीची आठवण म्हणून त्यांच्या हातात ठेवला. मंत्र्यांनी तो मागं न बघता मागं दिला, पीएनं तो पाकिटात टाकला. पेटीत निळ्या मखमलीवर एक गोल खळगा राहिला आणि त्याखाली पेशकारसाहेबांच्या अक्षरातलं कार्ड: हाली रुपया, अव्वल. ते कार्ड संध्याकाळपर्यंत कोणी काढलं नाही.

मांडवात सत्कार सुरू झाले. पहिल्या नंबरच्या खिलारी बैलाच्या मालकाला फेटा बांधला, आणि मग माझ्या मित्राचं नाव पुकारलं. ऐतिहासिक नाण्याचे दानशूर दाते. पहिल्या रांगेत त्याचे पोस्टमास्तर टाळ्या वाजवत होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हातातली कार्यक्रमपत्रिका वाचायला घेतली. ती चार ओळींची होती, तरी मी ती पुरवून पुरवून वाचली. डोकं वर केलं तेव्हा तो शाल पांघरून, नारळ छातीशी धरून मंचावर उभा होता आणि फोटोग्राफर त्याला जरा हसायला सांगत होता.

पुढचे तीन रविवार तो आला नाही. ओसरीवर त्याचा विषय निघाला नाही. सगळे सतरंजीवर आणि पायरी मोकळी, एवढंच. डॉक्टरांनी एकदा म्हणून पाहिलं की बसायला ऐसपैस झालं.

चौथ्या सोमवारी मी टपाल कचेरीत गेलो. काय सांगायचं ते मी घरून जुळवून नेलं होतं. मंत्र्यांना पत्र लिहू, मी मसुदा करतो, वगैरे. पत्र लिहिलं जाणार नाही हे मला मसुदा जुळवतानाच माहीत होतं. काउंटरपुढं सात-आठ माणसांची रांग होती. माझी पाळी आली. त्यानं मी निमित्ताला नेलेलं पाकीट काट्यावर ठेवलं, तिकिटं फाडून दिली, सुटे पैसे सरकवले. मी मंत्र्यांचं नाव काढलं तसं त्यानं हातानंच थांबवलं.

"ते कळलंय मला. सर, एक विचारू?"

"विचार."

"पेशकारसाहेब अव्वल म्हणाले, त्यापुढं काय काय बोलले? मशिनच्या आवाजात मला ऐकूच आलं न्हाय."

मी गजांना तोंड लावून आठवेल तसं सांगू लागलो. त्यानं तारेचा एक कोरा फॉर्म ओढला, उलटा केला आणि लिहायला घेतलं.

"जरा हळू," तो म्हणाला.

मी हळू सांगितलं. मिनारांच्या शेंड्यावर कोणाचं बोट फिरलेलं नाही. चाळीस वर्षांत असा रुपया माझ्या हाती आला नाही. ज्यानं हा जपला, त्याला नाण्याची अदब होती.

"जपला म्हणाले का ठेवला म्हणाले?"

"जपला."

"नक्की?"

"नक्की."

मागचा माणूस म्हणाला, मास्तर, आटपा की, गाडी जाईल. माझ्या मित्रानं शेवटची ओळ पुरी केली, वर फुंकर घातली, कागदाची चौपदरी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत विचारलं, "पुढचे कोण?"