जेठात वाजलेली पावरी

माझा नवरा मयूर झोपेतही बोटं हलवायचा. उशीवर, माझ्या दंडावर, कुठंही! कॉलेजच्या संगीत विभागात तो तासिका तत्त्वावर शिकवतो. पीएच.डी. झाल्याशिवाय कायम करणार नाहीत, म्हणून त्यानं विषय घेतला आमची पावरी. वाळका भोपळा अन् बांबूच्या नळ्या मेणानं जोडून केलेलं फुंकायचं वाद्य. सुरगाण्याकडं आमच्या पाड्यावर ती मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवापुढं वाजते. एरवी फडक्यात गुंडाळून ठेवतात, कुणी तोंड लावत नाही.

पाड्यावर पावरी वाजवायचे मयूरचे आजोबा, पुंजाबाबा. त्यांचा दम आता पुरत नव्हता. म्हणून यंदाच्या मार्गशीर्षापासून मयूरनं वाजवायचं, असं ठरलं होतं. पोरवयापासून तो याचीच वाट बघत होता. पीएच.डी. गेली उडत, त्याचा जीव खरा यात.

जूनमध्ये विषय मंजुरीची मुलाखत होती. पुंजाबाबांनी पावरी दिली ती एका अटीवर, "फोटो काढ, मापं घे. वाजवू नको, जेठ चालू हाय."

मी नाशकातल्या अंबडच्या कंपनीतून अर्धी सुट्टी काढून बाहेर बाकावर बसले होते. दार अर्धवट उघडं होतं.

"वाजवून दाखवा," आतले सर म्हणाले.

"आत्ता वाजवत नाहीत, सर. रेकॉर्डिंग आणलंय. कधी वाजवायची, हासुद्धा माझ्या अभ्यासाचा भाग आहे."

"मग हे लोकसाहित्याकडं पाठवू या," एक मॅडम म्हणाल्या. "संगीताच्या संशोधनात हे बसत नाही."

माझं डोकंच फिरलं. सकाळचा राग संध्याकाळी कुणी गायला की यांच्याच कपाळाला आठ्या पडतात ना? तेव्हा बरी वेळ संगीतात बसते! उठून आत जावं अन् तोंडावर बोलावं, असं वाटत होतं.

तेवढ्यात आतून पावरी वाजली.

अरे देवा, मयूर, काय केलंस हे! लय सुंदर वाजवत होता मेला, तेच तर वाईट. वाजवून झाल्यावर आत टाळ्या पडल्या. विषय मंजूर झाला.

घरी येताना द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या. पावरी माझ्या मांडीवर होती. मयूर गाडी बंद करायचा, पुन्हा चालू करायचा.

"लोकसाहित्य म्हणाले अन् माझं डोकं सरकलं, मीना."

"पाड्यावर कोण सांगायला जातंय? गप राहा."

तो गप राहिला, पण एका जागी बसेना. जेवता जेवता उठायचा, गॅलरीत जायचा, परत यायचा. पुस्तक उघडायचा, मिटायचा. मी ओरडले, रडले, काही उपयोग झाला नाही. अन् झोपेतली बोटं थांबली होती. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

मार्गशीर्षात पाड्यावर गेलो. नाचणारे गोल करून उभे होते. बाबांनी पावरी पुसली, सगळ्यांदेखत मयूरपुढं धरली. त्याचा हात पुढं होईना.

"बाबा, मी ही जेठात वाजवली. नाशकात, साहेबांपुढं."

"का रं?"

"ऐकल्याशिवाय मानत नव्हते."

"ऐकून मानलं?"

"मानलं."

"बरं झालं," बाबा म्हणाले. रागावले असते तर मला सोसलं असतं. "पण औंदा तू नको."

अन् त्यांनीच पावरी तोंडाला लावली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मधेच दम तुटायचा, खोकला यायचा, नाचणाऱ्यांचे पाय अडायचे, बाबा पुन्हा फुंकायचे. मयूर प्रबंधासाठी रेकॉर्डिंग करत होता, एका हातात मोबाइल वर धरून. त्याचा दुसरा हात मी बघत होते. बाबांचा दम जिथं तुटायचा, तिथून पुढचं त्याची बोटं मांडीवर वाजवत होती.