मागनं बघू

सोल्डरिंगची राळ जळाल्याचा वास आला की मला विट्यातली आमची माडी आणि थोरला भाऊ आठवतो. म्हसवडच्या यात्रेसाठी तो शर्यतीचा खेळ बनवत होता. बटण दाबत राहिलं की ओळीतले बल्ब एकामागून एक लागत आणि उजेडाचा घोडा पुढं पळायचा. "खेळ चालला तर ऱ्हा हितंच, न्हाईतर सोनं गाळायला मद्रासला जायचं," वडिलांनी बजावलेलं. एक घोडा झकास पळत होता. पण दादाला दुसरा हवा झाला, मग घंटा, मग जिंकणाऱ्याला लाल दिवा. नव्या वायरी घाईत नुसत्या पिळून जोडलेल्या. "दादा, ह्या पक्क्या कर की," मी म्हणायची. "मागनं बघू गं, आदी घंटा वाजू दे." यात्रेत पहिल्याच गिऱ्हाइकानं बटण दाबलं आणि सगळे दिवे एकदम लागून विझले. कुठली वायर कशाची, दादालाच कळेना. लोक हसत पाळण्याकडं गेले. तो मद्रासला गेला आणि तिकडंच तापानं वारला. त्या खेळाचं खोकं अजून माडीवर आहे. "आजी, उघडून नीट करू?" नातू विचारतो. उघडलं तर दादाच्या बोटांचे पीळ सुटतील. मी म्हणते, "मागनं बघू रं."