ताईचा बोर्ड आणि शंभर मीटर

नगरपालिकेत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. टेपवाले म्हटलं की शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना कळायचं. निवडणूक आली की उमेदवारांचे बोर्ड मोजायचे, मापाबाहेरचे उतरवायचे, विजेच्या खांबांवरचे काढायचे आणि मतदानाच्या आदल्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत एकही बोर्ड ठेवायचा नाही, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षांत त्यांनी सत्ताधाऱ्यांचे बोर्ड काढले, विरोधकांचे काढले, एकदा तर खुद्द नगराध्यक्षांचा हसरा चेहरा शिडीवरून खाली आणला. शिव्या सगळ्यांनी दिल्या, पण बोट ठेवायला जागा कुणाला मिळाली नाही. माणूस नाकासमोर चालणारा. नाकासमोर चालणाऱ्याला आजूबाजूचं दिसत नाही, ते सोडा.

त्यांची थोरली बहीण सरकारी दवाखान्यात नर्स होती. आई गेली तेव्हा हा भाऊ नऊ वर्षांचा. ताईनंच त्याला वाढवलं, आणि त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. निवृत्तीनंतर वॉर्डातला दवाखाना बंद करायचं घाटतंय असं कानावर आलं, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी ती अपक्ष म्हणून उभी राहिली. वॉर्डातल्या अर्ध्या लोकांना तिनं कधी ना कधी सुई टोचलेली, पण सगळे तिला सिस्टर म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक? मतपत्रिकेवर तर तेच छापलेलं असणार. म्हणून तिनं एकच बोर्ड रंगवून घेतला आणि घराच्या कुंपणावर लावला. वर मोठ्या अक्षरांत नाव, खाली ‘तुमची सिस्टर’. शाळेत मतदानाला जाणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच जावं लागे. तिची सगळी भिस्त त्या बोर्डावर होती.

मतदानाच्या आदल्या दुपारी टेपवाले शाळेपाशी पोचले, तर समोरच्या उमेदवाराची माणसं आणि नवे साहेब आधीच हजर.

“आमचे बोर्ड बरे दिसतात. बहिणीचा दिसत नाही होय?” त्यांतला एक म्हणाला.

टेपवाल्यांचे कान तापले. त्यांनी टेप काढली, पण जोडीदार नेमका रजेवर, दुसरं टोक धरायला कुणी नाही. फाटकाशी माणसं जमलेली पाहून ताई घरातून तिथे आली.

“आण इकडे, मी धरते.”

शाळेच्या फाटकाशी शून्याचं टोक लावून ती उभी राहिली. दोनदा टेप लागली, मग टेप गुंडाळत दोघं फाटकाशी परतली.

“किती भरलं?”

“शहाण्णव.”

ताईनं फाटकातून आत पाहिलं. मतदानाची खोली पटांगणाच्या पार पलीकडे होती. मग हळूच तिनं विचारलं, “फाटकापासूनच मोजायचं ना रे?”

“सत्तावीस वर्षं फाटकापासूनच मोजतोय, ताई.”

साहेब सगळं टेपवाल्यांवर सोडून घड्याळ बघत होते. समोरची माणसं ताईकडे बघत होती.

“मग काढ,” ती म्हणाली. “शिडी मागच्या दारी आहे.”

बोर्ड उतरला. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली, आणि सांगायला लाज वाटते, पण टेपवाल्यांची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा मत देऊन थेट तिच्या दारात आले. “सिस्टर, तुमचं नाव त्या कागदावर नव्हतंच की हो,” म्हणाले. ती हसली आणि त्यांना पाणी दिलं. असे किती जण परतले, कोण जाणे. ती पडली. दोन महिन्यांत दवाखान्याला कुलूप लागलं. भावाला त्याबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही. पुढच्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

तिचं कपाट आवरताना टेपवाल्यांना उमेदवारांना वाटलेली नियमांची पुस्तिका सापडली. एका पानाचा कोपरा दुमडलेला. ‘अंतर मतदानाच्या खोलीच्या दारापासून मोजावे.’ खाली पेन्सिलीची सरळ रेघ, तापाच्या तक्त्यावर ती मारायची तशी. या दुरुस्तीचं परिपत्रक त्यांच्याही टेबलावर आलं होतं. नियम आपल्याला पाठ आहेत या घमेंडीत त्यांनी न वाचताच सही ठोकली होती. म्हणजे ताईला ठाऊक होतं. टेप हातात धरून ती उभी होती तेव्हाही ठाऊक होतं. साहेबांसमोर, त्या माणसांसमोर धाकट्याचं नाक कापलं जाऊ नये, म्हणून तिनं निवडणूक सोडली. ते तिथंच जमिनीवर बसून रडले.

रविवारी ते शाळेत गेले. शून्याचं टोक खोलीच्या कडीला दोरीनं बांधलं आणि खुणा करत करत, पटांगण ओलांडून, तिच्या रिकाम्या कुंपणापर्यंत मोजत आले. एकशे त्रेपन्न भरलं. मधे दोरी सैल झाल्यासारखी वाटली होती. पुन्हा एकदा मोजून खात्री करायची होती, पण टोक धरायला कुणी नव्हतं.