एक पट्टी वर

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कॉलेजच्या संगीत नाटकात मी पेटीवर होतो. नायिका काळी चारच्या पट्टीत गायची. तालमीत सगळे तिलाच वाखाणत, ते मला खुपायचं. प्रयोगाच्या संध्याकाळी मी मुद्दाम त्याहून उंच, काळी पाच धरली. रंगवलेला पडदा वाऱ्यानं संथ हलत होता, दिवे धुक्यातून आल्यासारखे वाटत होते, आणि त्या उजेडात तिचा आवाज वर चढता चढता फाटला. लोक हसले.

विंगेत ती मलाच म्हणाली, "तुही पेटी मस्त वाजली गा. माह्याच गळ्यानं दगा देल्ला."

ती पुन्हा कधी गायली नाही. पुढे रामदासपेठेत अनेकदा भेटली. दरवेळी मी तिच्या मुलांची चौकशी करून सायकल पुढे काढली. "पट्टी मीच चढवली होती वं, माफ कर मले," एवढं बोलणं काही जमलं नाही.