पिल्लांवरची मरळ

वेताची लांब काठी सांभाळत शिवाजीनगरला एसटीत चढलो, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काका, काठीचं हाफ काढायचं का?" एरवी मी त्याला काहीतरी ऐकवलं असतं. त्या दिवशी नुसतीच मान हलवली. येडगावच्या रामभाऊचा निरोप होता, 'गळ घेऊन ये, काम हाय.' मासेमारीला काम म्हणणारा हा माणूस नव्हे. पुण्याची कटकट चुकवून मी वर्षानुवर्षं त्याच्याकडे जात आलो, ते दिवसभर पाण्याकाठी बसून एकमेकांच्या रिकाम्या पिशवीला नावं ठेवायला.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मंचर मागे पडलं. आभाळ राखाडी होऊन खाली उतरलं होतं, पण पडत काही नव्हतं. नारायणगावला उतरून मिसळ मागवली. तर्री नेहमीइतकीच जळजळीत असणार, मलाच चव लागेना.

फाट्यावर रामभाऊ उभा होता. माझ्या सुटलेल्या पोटावर तो हमखास काहीतरी बोलतो. आज बोलला नाही. चालता चालता त्याने सांगून टाकलं.

"तुझी वहिनी अन्नाला शिवंना, राव. डॉक्टर म्हणत्यात, आता काय आवडंल ते खाऊ घाला."

त्या 'आता'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता.

"काल आपणहून म्हणली, मरळीचं कालवण आसंल तर चार घास खाईन." मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा, कमी काट्यांचा मासा. आजारातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे मुद्दाम देतात. वहिनी आजारातून उठणार नव्हत्या.

पारूवहिनी ओट्यावर बाजेवर पडल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, लई वाळलात की. शहरात खायला घालत न्हाईत का?" स्वतःचा हात चादरीखाली लपवत त्या हे म्हणाल्या. माहेर पिंपळवंडीचं, नदीकाठचं. वडील गळाचे शौकीन, त्यामुळे पोरपणी माशांतच वाढलेल्या. पूर्वी आमची पिशवी नुसती हातात धरून कोणता मासा आहे ते सांगायच्या. मला तिथे बसवेना. काठी उचलून मी रामभाऊच्या मागे निघालो.

धरणाचं पाणी मागे सरकून चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. आधी बराच वेळ नुसती चिलापी लागली (कुठल्याही धरणात माजणारी, हावरट जात). दुपारी मात्र माझी काठी अशी वाकली की मी उभाच राहिलो. रीळ किंचाळत फिरू लागलं. दोरा ढिला सोडायचा, मग ओढायचा, तो वळला की आपणही काठाकाठाने पळायचं. हे सुख काय सांगू! मनगटात आलेली ती ओढ, तेवढ्या वेळात माणसाला दुसरं काही आठवत नाही, वहिनीसुद्धा नाही. शेवटी छातीला धरावा एवढा कटला चिखलावर आला. माझ्या जन्मातला सगळ्यात मोठा मासा. मी ओरडलोच.

"लई भारी," रामभाऊ म्हणाला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "पर मरळ न्हाई."

माझा आनंद तिथेच विझला.

ऊन कलताना ओढ्याच्या तोंडाशी, लव्हाळ्यांच्या कडेला पाण्यावर लालसर बुडबुडे दिसले. रामभाऊ थबकला. बुडबुडे नव्हते ते, पिल्लं होती, मुठीएवढ्या घोळक्यात एकत्र वळवळणारी. अशा घोळक्याखाली मोठी मरळ राखण करत फिरते. तिच्यापुढे बेडकी सोडली की भूक नसली तरी ती पिल्लांसाठी झेपावते, म्हणून तिला धरणं अगदी सोपं. आणि म्हणूनच इथले गळवाले पिल्लांवरची मरळ धरत नाहीत. कुणी धरलीच, तर पुढे त्याच्या शेजारी कुणी गळ टाकून बसत नाही.

"उद्या दुसरी मिळेल," मी म्हणालो.

"उद्या तिला खावंसं वाटंल का?"

त्याने गळाला बेडकी लावली. पहिल्या झेपेला मरळ निसटली, दुसऱ्या झेपेला लागली. काळीभोर, दंडाएवढी जाड. तिला पिशवीत घालताना त्याने पाण्याकडे पाठ केली होती. मी मात्र बघितलं. पिल्लं पांगली, पुन्हा गोळा झाली, आणि चिलापी जवळ सरकू लागल्या.

कालवण रामभाऊनेच केलं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या.

"कुठं गावली?"

"वढ्याच्या तोंडाला."

"एकटीच व्हती?"

"व्हय."

त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, मग भाकरी कुस्करली. अर्धी भाकरी खाल्ली आणि वर रस्सा मागून घेतला. रामभाऊ पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

सकाळी उठलो तर त्याचं अंथरूण रिकामं.

"पाण्यावर गेलेत," वहिनी म्हणाल्या. "बोलावून आणा, भावजी. म्हणावं, मला कळलं व्हतं. कळूनच खाल्लं."

रामभाऊ गुडघाभर पाण्यात उभा होता. हातात बाभळीचा डहाळा. चिलापी आली की डहाळा आपटायचा, पुन्हा वाट बघायची. घोळका कालच्या निम्माही उरला नव्हता. मी वहिनींचा निरोप सांगितला. त्याचा चेहरा पार मोडला, पण डहाळ्याचा हात थांबेना.

"ह्यांना सोडून कसा येऊ?"

"आण तो डहाळा. मी थांबतो. तू वहिनींजवळ जा."

मी पँट दुमडून आत शिरलो. आयुष्यभर मासे धरण्याचा नाद केला, मासे राखण्याचं काम प्रथमच आलं, आणि ते मला जमलं नाही. मी डावीकडे आपटलं की चिलापी उजवीकडून यायच्या. माझी एसटी चुकली. दुपारपर्यंत त्या जागी एकही पिल्लू उरलं नाही.

घरी आलो तेव्हा तो वहिनींना उरलेला रस्सा चमच्याने भरवत होता. वर न बघता त्याने विचारलं, "हायेत का?"

"आहेत की. दुसरी मरळ आली राखणीला."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, काल त्याच्याकडे बघितलं होतं तसंच. म्हणाल्या, "बसा भावजी. जेवून जा."

संध्याकाळच्या एसटीने परतलो. काठी आडवी करून पायाशी ठेवली होती, ओली पँट अंगाला चिकटत होती. मंचरला दिवे लागले तरी मला त्या कटल्याची आठवणही झाली नव्हती. तो कुणी खाल्ला, हे मी कधी विचारलं नाही.

वहिनी आषाढ सरायच्या आत गेल्या. रामभाऊ अजून भेटतो. पाण्याकाठी बसलो की हमखास त्या पिल्लांचा विषय काढतो, आता केवढी झाली असतील म्हणतो. मी म्हणतो, दंडाएवढी तरी झाली असतील.