ओकुदाची वाटी आणि मावशींची कढी

आमच्या जुन्या कॅरीकर मंडळींना एक खोड आहे. कुणाच्याही घरी जेवायला जमलो की पानं उचलेपर्यंत मुलांची कॉलेजं आणि आपले गुडघे. मग हात धुऊन झाले की कुणीतरी म्हणतंच, "अगं, तो ओकुदाचा किस्सा सांग ना!" कुठला, ते कुणीच सांगत नाही. एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि निघताना दारात चपला घालता घालता तिसरा. यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. थोडं मीठमसाला इतक्या वर्षांत मीच लावला असेल, तेवढं चालवून घ्या.

आधी माणसं सांगते. ऐंशीच्या दशकात आम्ही नॉर्थ कॅरोलिनात आलो तेव्हा तिथल्या कॅरी गावात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझा नवरा श्रीकांत सकाळी गाडी काढून ऑफिसला जायचा आणि मी व्हिसाच्या कृपेने घरी. गावाबाहेर तंबाखू वाळवायचं एक जुनं कोठार होतं. तिथे केन ओकुदा नावाचा चाळिशीतला जपानी कलाकार पोर्सेलिनची भांडी करायचा आणि त्यांवर सेलाडॉन चढवायचा. सेलाडॉन म्हणजे निळसर हिरवी, काचेसारखी झिलई. नीट जमली तर रिकाम्या वाटीत पाणी भरलंय असं वाटतं.

शनिवारी सकाळी तो क्लास घ्यायचा. मी नाव घातलं आणि सोबत नलूमावशींना ओढून नेलं. मावशी नागपूरच्या. मुलाकडे राहायला आलेल्या, आणि बोलायला माणूस नाही म्हणून वैतागलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, ओकुदाचंही बेताचंच होतं. त्यामुळे दोघांचं छान जमेल असं मला वाटलं!

*

पहिल्या दिवशी ओकुदाने प्रत्येकीला मातीचा गोळा दिला आणि मळायला सांगितलं. मी आपली चिवडत बसले. मावशींनी पदर खोचला आणि माती अशी मळली की शेजारच्या अमेरिकन बायका हातातलं काम सोडून बघत राहिल्या. मऊसूत गोळा! सवयीने त्याला पाण्याचा हात लावून ओल्या फडक्याखाली झाकूनही ठेवला.

"जन्मभर कणीक मळली मी," त्या मला म्हणाल्या. "हा काय शिकवून राहिला मला!"

ओकुदा आला. गोळा हातात घेऊन त्याने कौतुकाने मान हलवली, आणि तारेने मधोमध कापला. आत बारीक बारीक हवेचे फुगे.

"ब्रेड, व्हेरी गुड," तो म्हणाला. "पॉट... बूम!"

त्यानंतर महिनाभर मावशी त्याच्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे मराठीत बोलत होत्या, पण रागाने.

*

भट्टी उघडायचा दिवस म्हणजे आमच्यासाठी सण आणि ओकुदासाठी परीक्षा. तो एकेक भांडं बाहेर काढायचा, उजेडात फिरवायचा. पसंत पडलं तर फळीवर, नाही पडलं तर हातोडी! शांतपणे, चेहऱ्यावरची रेष न हलवता. चांगली डझनभर भांडी अशी गेली.

एक वाटी त्याने उचलली मात्र, मावशी आडव्या आल्या. "अहो, काहून फोडून राहिले? चांगलं भांडं आहे!"

मी भाषांतर केलं. ओकुदाने वाटी उजेडात धरून दाखवली. झिलईत केसाएवढ्या चिरा होत्या, सगळीकडे जाळं. भांडं आतून शाबूत, पण वरची काच तडकलेली. शिक्का तो भट्टीतून निघालेलं भांडं पाहूनच मारतो; जे तडकतं त्याच्या तळाला मारत नाही आणि ते घराबाहेर जाऊ देत नाही, असं त्याने सांगितलं.

मावशींनी डोळ्यांजवळ नेऊन वाटी पाहिली. "एवढ्यासाठी? एवढ्याशा दोषावर आमच्याकडे नवरे नाही बदलत!"

याचं भाषांतर मी केलं नाही. पण मावशी घरी निघाल्या तेव्हा त्यांची पर्स फुगलेली होती. ओकुदाने ते पाहिलं. पर्सकडे बघून तो नमस्कारासाठी वाकला, आणि मावशीही वाकल्या. वाटी गेली मावशींच्या घरी.

*

एकदा या रंगाला तुमच्याकडे काय म्हणतात, असं ओकुदाने विचारलं. आता बायकांना रंग विचारणं म्हणजे काय! मी म्हटलं, चिंतामणी. मावशी म्हणाल्या, "चिंतामणी कुठून आला इथं? हा पिस्ता." पैठण्या निघाल्या, लग्नाचे शालू निघाले. शेवटी मला न्यायला आलेल्या श्रीकांतला पंच नेमलं. इंजिनियरच तो. वाटी निरखून म्हणाला, "हिरवा."

आम्ही हसत होतो, पण ओकुदा हसला नाही. हा रंग माझ्या वडिलांचा, तो म्हणाला. जपानात त्यांची पिढीजात भट्टी आहे. मोठा मुलगा म्हणून ती यानेच चालवायची होती, आणि हा अमेरिकेला निघाला. वडील भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिकडच्या मातीला आपली झिलई धरणार नाही."

चिरा पडतात त्या नेमक्या त्याच कारणाने! माती आणि झिलई यांचं पटलं नाही की निवताना काच तडकते. म्हणजे प्रत्येक चिरलेल्या वाटीत या माणसाला आपल्या बापाचं वाक्य वाचायला मिळत होतं. हातोडी का चालते, ते मला त्या दिवशी कळलं. फार वाईट वाटलं.

मावशींना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "आमच्या पोराला त्याचे आजोबा असंच म्हणत. तिकडं तुळस धरणार नाही."

"मग?" मी भाषांतर केल्यावर ओकुदाने विचारलं.

"धरली नं! थंडीत घरात घ्यावी लागते, एवढंच."

*

फायर ब्रिगेडचा किस्सा श्रीकांत जास्त रंगवून सांगतो, पण तो त्या दिवशी नव्हता. मी होते!

सेलाडॉनचा रंग यायचा तर भट्टी ऐन तापलेली असताना तिची हवा कोंडावी लागते. मग ज्वाळा चिमणीतून बाहेर जीभ काढतात. त्या शनिवारी कुणा नव्या शेजाऱ्याने ते पाहिलं आणि फोन केला. लाल गाडी घंटा वाजवत दारात! भट्टी ताबडतोब बंद करा, नाहीतर पाइप लावतो, म्हणाले. शेजारच्या रॅले शहरातल्या एका गॅलरीने ओकुदाला पहिलं स्वतंत्र प्रदर्शन दिलं होतं, आणि त्यातली मोठी भांडी याच भट्टीत होती. ओकुदा पांढराफटक पडला. त्याच्या तोंडून इंग्रजी फुटेना.

मावशींनी क्लाससाठी आणलेला बटाटेवड्यांचा डबा उघडला. "आधी खाऊन घ्या म्हणावं. आग कुठं पळून जाते?"

ते आडदांड अमेरिकन एकेक वडा घेत गेले. मिरचीने डोळ्यांत पाणी, तरी हात थांबेना. तोवर मी त्यांच्या प्रमुखाला भट्टीभोवती फिरवून सगळं समजावलं. आग जिथे असायला हवी तिथेच आहे, हे त्यालाही पटलं.

निघताना तो म्हणाला, "मॅम, पुढच्या वेळी भट्टी लावायच्या आधी आम्हाला फोन करा." आणि जरा थांबून, "डबा आणणार असाल तरी करा."

*

आता शेवटचा.

प्रदर्शनाला ओकुदाने वडिलांना बोलावलं, आणि ते आले! लेकाचं काम बघायला पहिल्यांदाच. लहान चणीचा, ताठ कण्याचा म्हातारा. गॅलरीत प्रत्येक भांड्यापुढे उभे राहिले, तळ पाहिला, शिक्का पाहिला, खाली ठेवलं. एकालाही चीर नव्हती. ओकुदा मागे मागे, निकालाच्या दिवशी शाळकरी मुलगा चालतो तसा.

त्या संध्याकाळी दोघांना मी जेवायला बोलावलं होतं. मावशींची कढी म्हणून मावशीही आल्या, आणि कढीसोबत घरचं भांडंही घेऊन आल्या. पाहुणा मोठा, म्हणून कढी त्यांनी आपल्या सगळ्यात लाडक्या वाटीत वाढली. तीच ती, पर्समधून गेलेली! दोन वर्षं रोज तिच्यात कढी नाहीतर वरण. हळद त्या चिरांत मुरली होती आणि निळ्या-हिरव्यावर पिवळं बारीक जाळं उमटलं होतं.

ओकुदाने वाटी ओळखली. त्याचा घास हातातच राहिला. गॅलरीतली सगळी निर्दोष भांडी राहिली बाजूला, आणि बापाच्या हातात नेमकं हे! मला तर ती वाटी झडप घालून उचलावीशी वाटली.

म्हाताऱ्याने कढी संपवली. वाटी फिरवली, उलटी केली, रिकाम्या तळावर अंगठा फिरवला. मग जपानीत काहीतरी विचारलं.

"हे कसं केलं, विचारतायत," ओकुदा पुटपुटला.

"सोपी आहे," मावशी खुशीत म्हणाल्या. "ताकाला बेसन लावायचं, फुटू द्यायची नाही." ताक इथे दुकानात पुठ्ठ्याच्या डब्यात मिळतं, इथपासून फोडणीत मेथीदाणे किती, इथपर्यंत सगळं. माझ्या इंग्रजीवरून ओकुदाने मान खाली घालून ते सगळं जपानीत सांगितलं. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पिवळ्या रेषांवर बोट ठेवलं.

"ते होय! हळद आहे. नागपूरची. घासून जात नाही."

"घासून पाहिलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"रोज!"

म्हाताऱ्याने रिकामी वाटी पुढे केली आणि आणखी कढी मागितली. बस्स. लेकाच्या कामाबद्दल त्या दिवशी नाही, विमानतळावर नाही, कुठेच काही नाही.

प्रदर्शनाचं खूप कौतुक झालं, पण ओकुदाने भट्टी लावणं सोडलं. शनिवारी आम्ही जायचो, तो आम्हाला शिकवायचा आणि स्वतः हात बांधून बसायचा. "मावशी, तुम्ही ती वाटी आणायला नको होती," एकदा मी न राहवून म्हटलंच. त्या रात्री मावशी जेवल्या नाहीत, असं नंतर त्यांची सून म्हणाली.

आणि एका शनिवारी मी मावशींना न्यायला गेले, तर त्यांच्या दारात ओकुदा उभा. हातात लाकडी पेटी, जपानहून आलेली. वडिलांचा फोनही आला होता म्हणे. पेटीतून त्याने एक वाटी काढून मावशींच्या ओट्यावर ठेवली. तोच रंग, पण जुना. तळाला वडिलांचा शिक्का. आणि झिलईत, अगदी काठापर्यंत, केसाएवढ्या चिरा.

ओकुदा तिच्याकडे बघतच राहिला होता. "घरी अशी एक वाटी आहे, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"काय म्हणाले वडील?" मी विचारलं.

"म्हणाले, माझ्या मुलाच्या वाटीशेजारी ठेवा. हिच्यातही तेच वाढा. दोन वर्षांनी बघायला येतो."

मी मावशींना सांगितलं. त्यांनी लेकाची वाटी मांडणीवरून काढली, बापाच्या वाटीशेजारी ठेवली, आणि दोन्हींकडे नीट पाहून घेतलं.

"दोन वर्षं कशाला? दोन्ही वेळा कढी केली तर वर्षात होईल. लवकर या म्हणावं!"