अनवाणी पोरांचा नवस

महाळुंग्याहून मी परदेशी निघालो तो कांद्याच्या पोत्यांवर बसून. परदेश म्हणजे पिंपरी. तुम्ही हसाल, पण तेव्हा आमच्याकडे मोशीला इंद्रायणी ओलांडली की पलीकडचं सगळं परदेशातच मोडायचं. चाकणच्या बाजारातून पुण्याला जाणाऱ्या ट्रकवाल्याने मला वाटेत उतरवायचं कबूल केलं होतं आणि निरोप द्यायला निम्मं गाव नाक्यावर जमलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, पोती नीट बांधली का हेच पुन्हा पुन्हा ट्रकवाल्याला विचारत होते. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

आईने मात्र काहीच टाळलं नाही. नवस बोलण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. विहिरीला पाणी लागावं म्हणून नवस, म्हैस गाभण राहावी म्हणून नवस. माझं नावसुद्धा त्यातलंच. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून माझं नाव धोंडू ठेवलं, की देवाला वाटावं हा नुसता धोंडा आहे, याला नेऊन करायचं काय. तर त्या दिवशी ट्रक सुरू झाला आणि आईने सगळ्यांसमोर पायातल्या वहाणा काढून आबांच्या हातात दिल्या. भैरोबाच्या देवळाच्या दिशेने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माजं धोंडू घरी येईस्तवर पायात वहान घालनार न्हाई."

ट्रक हलला. घरच्यांचं मला शेवटचं दर्शन झालं ते असं, की आई हात जोडून उभी आणि आबा वहाणा उगारून. कांद्याचा भाव पडेल म्हणून ट्रकवाल्याला ते काहीतरी ओरडून सांगत होते, पण लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, पोरगं घरातून पळालंय आणि बाप त्याला हाणायला निघालाय.

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता आणि देशभरातून माणसं येऊन पडत होती. आमच्या बराकीत माझ्या शेजारची खाट कलकत्त्याच्या बिमलबाबूंची. बॉयलरवर कामाला होते. मी पोचलो तेव्हा पोत्यांवरच्या प्रवासाने माझे डोळे लालभडक झालेले, नाकातून पाणी. बिमलबाबूंनी हिंदीत विचारलं, काय झालं. मला हिंदी येत नव्हती. मी म्हणालो, "कांदा." त्यांचा चेहरा पडला. जवळ बसून पाठीवरून हात फिरवायला लागले. मी पुन्हा समजावलं, कांदा हो, कांदा, लई कांदा. तसे ते जास्तच कळवळले. बंगालीत कांदा म्हणजे रडणं, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. आपण घराच्या आठवणीने रडतोय असं एक मोठा पुरुष स्वतःच्या तोंडाने इतकं मोकळेपणी सांगतोय, याचंच त्यांना कौतुक वाटलं होतं. आमची दोस्ती जमली ती या गैरसमजावर. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी सगळं पाणी कांद्याचं नव्हतंच.

कारखान्याने मला बूट दिले. जन्मात पहिल्यांदा. पहिल्या दिवशी मी ते उलट्या पायांत घातले आणि दिवसभर बदकासारखा फिरलो. बिमलबाबूंना माझे पाय आवडले. पोती उचलून तयार झालेत, म्हणाले, आणि मला कारखान्याच्या फुटबॉलच्या टीममध्ये ओढलं. पहिल्याच सामन्यात मी अशी काही लाथ घातली की चेंडू जागेवर राहिला आणि बूट गोलात गेला. गोलकीपरने तो मोठ्या शिताफीने अडवलाही. त्या दिवसापासून मी अनवाणी खेळायला लागलो आणि बिमलबाबू म्हणाले, लाजू नकोस, आपल्या देशाची टीमसुद्धा अशीच खेळायची.

मग मला ती सगळी कथा ऐकायला मिळाली. लंडनच्या ऑलिंपिकला आपली पोरं बहुतेक अनवाणीच खेळली आणि हरली तरी गोऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे ब्राझील देशात जगाची स्पर्धा होती. ज्या देशांनी आपल्याशी खेळायला हवं होतं त्या सगळ्यांनी माघार घेतली आणि आपल्याला न खेळताच जागा मिळाली. तरी आपण गेलो नाही. बोटीचा लांबचा प्रवास, पैसे, तयारी, कारणं पुष्कळ होती. पण लोक सांगायचे की अनवाणी खेळू देईनात म्हणून गेले नाहीत. त्यानंतर हेलसिंकीला गेले. तिथे अशी थंडी की पायाला चेंडू लागला की दगड लागल्यासारखं व्हायचं. दहा गोल खाल्ले, एक केला.

इकडे आईचं काय चाललं होतं ते सांगतो. पहिल्या पगारात मी तिच्यासाठी वहाणा घेतल्या, कागदात गुंडाळल्या आणि रविवारी महाळुंग्याला गेलो. उंबऱ्यातच म्हणालो, आई, मी घरी आलो, नवस फिटला, घाल. तिने मला पाणी दिलं, भाकरी वाढली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तू घरी कुटं आलास? पाहुना आलास," ती म्हणाली. "घरी येतंय ते मानूस पिशवी खुंटीला लावतंय. तू मांडीवर घिऊन बसलायस."

मी मांडीकडे बघितलं. पिशवी तिथेच होती. संध्याकाळची येष्टी चुकू नये म्हणून मी ती खाली ठेवलीच नव्हती. मी घाईघाईने उठून खुंटीला लावायला गेलो तर आबा म्हणाले, आता लावून काय उपयोग, देवाने बघितलं.

पुढच्या वेळी मी शहाणपणा केला. शिरल्या शिरल्या पिशवी खुंटीला लावली. आई म्हणाली, लावलीस, पण आठवणीने लावलीस. या बाईपुढे कोर्टातला वकील टिकला नसता. वहाणा मी परत नेल्या आणि ट्रंकेत ठेवल्या.

एकदा गेलो तर आई लंगडत होती. पायात बाभळीचा काटा मोडला होता, जखम चिघळली होती. आम्ही तिकडे जखमेवरची औषधं बनवत होतो आणि ती इकडे हळद भरत होती. आबांनी मला गोठ्यात नेऊन स्पष्टच सांगितलं, "तुज्या नोकरीपायी हिचा पाय जायाचा. कायतरी कर." करायचं काय? गावी परत यायचं तर नोकरी सोडायची. नोकरी तर नुकतीच पर्मनंट झाली होती, खोलीही मिळाली होती. नोकरी ठेवायची तर आईने जन्मभर काट्यातून चालायचं. मला रात्री झोप लागेना. नवसात तिने 'घरी' ऐवजी दुसरा कुठलाही शब्द घातला असता तर मी सुटलो असतो.

मग मला फुटबॉल आठवला. म्हटलं, हिला हेलसिंकीची गोष्ट सांगून घाबरवावं. पुढच्या रविवारी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. बर्फासारखं गवत, उघडे पाय, दहा गोल. म्हणालो, बघ, अनवाणी राहिलं की हे असं होतं.

आई भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "कुनाचा नवस व्हता?"

मी म्हणालो, नवस नव्हता, त्यांना सवय होती. तिला ते अजिबात पटलं नाही. एवढी मोठी, शिकलीसवरलेली पोरं साता समुद्रापलीकडे जाऊन उगाच अनवाणी कशाला फिरतील? नवसच असणार. जगाची स्पर्धा जिंकेपर्यंत बूट घालणार नाही, असं बोलली असणार. ब्राझीलला गेले नाहीत हे ऐकून तर तिचे डोळे चमकले. चांगलं केलं, म्हणाली, नवस मोडून जायचं म्हणजे काय. आठवडाभरात सगळ्या महाळुंग्याला ठाऊक झालं की देशाच्या टीमचा भैरोबासारख्याच कुठल्यातरी कडक देवाला नवस आहे. घाबरवायचं राहिलं बाजूला, आईला जोडीदार मिळाले. दर रविवारी पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नसायचा. अनवाणी पोरं कशी हायेत, हा असायचा.

आणि मग मेलबर्नचं ऑलिंपिक आलं. बिमलबाबू पेपर घेऊन बराकीभर नाचत होते. आपली टीम गेली होती आणि या वेळी बूट घालून गेली होती. मला ते आईला सांगायची हिंमत होईना. पण खोटं बोलायचीही सोय नव्हती, सांगितलं. ती म्हणाली, नवस मोडला. आता काही खरं नाही. पोरांच्या जिवाला काही होऊ नये म्हणून तिने लगेच एक छोटा नवस बोलून घेतला, पाच नारळांचा.

पण पोरं जिंकली. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच मैदानावर हरवलं, एकट्या गड्याने तीन गोल केले. आपण जगातल्या शेवटच्या चारांत आलो. पुढे युगोस्लाव्हियाशी, हेलसिंकीला दहा घालणाऱ्या त्याच लोकांशी, पहिला गोल आपणच केला. नंतर हरलो, त्याच्या पुढचाही सामना हरलो आणि चौथे आलो. पदक हुकलं म्हणून बिमलबाबू दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हणालो, कांदा, बिमलबाबू, कांदा. तेव्हा कुठे जरा हसले.

आईला हरण्याचं काही वाटलं नाही. तिला छळत होतं ते वेगळंच. नवस मोडल्यावर देव कोपायला हवा होता. तो चौथा नंबर देतो म्हणजे नवस फिटलेला असणार. पण मग फिटला कसा? मला सांगता येईना, तेव्हा तिने जाहीर केलं की बंगाली बाबालाच विचारते. आणि जिने आयुष्यात इंद्रायणी ओलांडली नव्हती ती माझी आई, फुटबॉलची चौकशी करायला अनवाणी येष्टीत बसून पिंपरीला आली.

बिमलबाबू धोतर नेसून, केस विंचरून माझ्या खोलीत आले. आईने त्यांना समोर बसवलं आणि मला दुभाष्या केलं. पोरांनी बूट कसे घातले? बिमलबाबू घाबरले. ते म्हणाले, "माँजी, ठंड थी."

थंडी तर आधीही होती, आई म्हणाली. बिमलबाबूंनी माझ्याकडे पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाले, "माँजी, नियम बदल गया."

हे मला मराठीत सांगावं लागलं नाही. आमच्याकडे देवाधर्माच्या व्रताला नेम म्हणतात, नियमच म्हणतात. बदलला कोणी, तिने विचारलं. जे खेळवतात त्यांनी, बिमलबाबू म्हणाले. आईने मान हलवली. "व्हय. जो खेळवतो त्योच बदलनार." एवढं म्हणून तिने विषय संपवला आणि बिमलबाबूंना पिठलं वाढलं. त्यांनी मिरचीने डोळ्यांतून पाणी काढत ते संपवलं.

दुसऱ्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट होती. दुपारी परत आलो. आई चुलीपाशी कांदा चिरत बसली होती. मी बूट काढले, पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, माठातलं पाणी प्यायलो आणि खाटेवर आडवा झालो. सुरी थांबल्याचं कळलं म्हणून वळून बघितलं. आई त्या पिशवीकडे बघत होती. मी कुठे अडकवली ते मलाही आठवत नव्हतं.

"धोंडू घरी आलं," ती हळूच म्हणाली. मला नव्हे, कुणाला तरी वर सांगितल्यासारखं. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आन त्या वहाना."

मी ट्रंकेतून काढल्या. मला वाटलं होतं, या क्षणी मला हसू येईल, मी जिंकलो होतो. पण मला रडायलाच आलं. ती जिंकू देत होती म्हणजे काय देऊन टाकत होती, ते मला तेव्हाच कळलं. महाळुंग्याच्या खुंटीचा माझ्यावरचा हक्क तिने स्वतःच्या हाताने सोडला होता. बिमलबाबू दारात आले आणि आम्हा दोघांना बघून घाबरून विचारायला लागले. आई परातीकडे बोट दाखवून म्हणाली, "कांदा." त्यांनी समजून मान डोलावली आणि परत गेले.

पुढची गोष्ट थोडक्यात. नवस फिटला, पण वहाणा फिट होईनात. इतके दिवस मोकळे राहून पाय पसरले होते, वहाणा ट्रंकेत पडून कडक झाल्या होत्या. माझ्या खोलीपासून येष्टीच्या थांब्यापर्यंत त्या तिला चार ठिकाणी चावल्या. थांब्यावर तिने त्या काढल्या. तिने त्या एकमेकींवर ठेवून माझ्या हातात दिल्या.

"इथंच असू द्यात," म्हणाली. "घरी आले की घालीन."

येष्टी निघाली आणि मी रस्त्यावर उभा राहिलो, दोन्ही हातांत वहाणा धरून, आबांसारखा. ती खिडकीतून दिसेनाशी होईपर्यंत मी त्या खाली केल्या नाहीत. गावी गेल्यावर तिने चांभाराकडून दुसऱ्या करून घेतल्या, पायाच्या मापाच्या.

आता महाळुंग्याला चहूबाजूंनी कंपन्या आहेत. आमच्या कांद्याच्या रानात गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि माझ्या पाठच्या भावाची पोरं घराच्या दारातून कंपनीच्या बसमध्ये चढतात. म्हणजे मी गप्प घरी बसलो असतो तर कारखानाच माझ्याकडे चालत आला असता, थोडा उशीर लागला असता इतकंच. तिकडचे मला विचारतात, तुझं घर कुठलं, आणि पिंपरीतलेही तेच विचारतात. मी दोन्हीकडे गेलो की आधी खुंटीकडे बघतो. पिंपरीच्या दारामागे त्या जुन्या वहाणा अजून आहेत. आई जेव्हा जेव्हा आली तेव्हा तिने पायातल्या चांगल्या वहाणा बाहेर काढल्या, त्या चावऱ्या वहाणा घातल्या आणि घरभर लंगडत फिरली.